कॉलेजचा लॅपटॉप: दुकानाची पायरी सगळ्यात शेवटी

मी लॅपटॉप विकत नाही, दुरुस्त करतो. सांगलीत विश्रामबागेत छोटं दुकान आहे. त्यामुळे लोकांच्या चुका मला दिसतात त्या बिल फाडून झाल्यावर. प्रवेशाच्या दिवसांत दर आठवड्याला कुणीतरी वडील आणि पोरगं नवाकोरा खोका घेऊन येतात आणि म्हणतात, "बघा की जरा, बरा घेतलाय का?" आता काय बघायचं? सील फोडलेलं, दुकानदार परत घेत नाही.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार असेच आले होते. मुलगी सिव्हिलला, दुसऱ्या वर्षाला गेलेली. "स्लो झालाय, तेवढी रॅम वाढवून द्या," म्हणाले. स्टिकरवर 'आय ३' आणि '८ जीबी' असं ठळक छापलेलं. मागचं झाकण उघडलं, तर रॅम मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली, वाढवायला खाचच नाही. प्रोसेसर 'एन' मालिकेतला, म्हणजे ब्राउझर आणि वर्ड चालवण्यापुरता. बेदाण्याच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप, आणि रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्री-डी ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर, उघडायला घेतलं की पंखा नुसता घोंघावायचा. मी स्क्रू परत लावले आणि पैसे घेतले नाहीत. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी काही लबाड दुकानदार गाठला नव्हता. चुकला होता तो क्रम. बहुतेक घरांत आधी कंपनी ठरते, मग बजेट, मग दुकान, आणि मुलीला कुठलं सॉफ्टवेअर लागणार हे कळतं तिसऱ्या सेमिस्टरला. खालच्या पायऱ्या त्याच्या उलट क्रमाने आहेत. मधली गाळू नका.

## १. सीट पक्की होईपर्यंत खिशाला हात घालू नका

कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या, चालू असताना लॅपटॉप घेणं ही पहिली चूक. पहिल्या राउंडला मेकॅनिकल मिळालं म्हणून ग्राफिक्स कार्डवाला जड लॅपटॉप घेतला आणि पुढच्या राउंडला कॉम्प्युटर मिळालं, असं झालेलं मी पाहिलंय. सीट फ्रीझ होऊ द्या. त्याच्याही पुढे जाऊन सांगतो, जमलं तर कॉलेजचा पहिला महिना जाऊ द्या. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष म्हणजे गणित, भौतिक, रसायन, ड्रॉइंग, वर्कशॉप आणि सी भाषेतले छोटे प्रोग्रॅम. प्रोग्रॅमिंगला लॅबमध्ये मशीन असतात, आणि सीचे प्रोग्रॅम तर कुठल्याही जुन्या डबड्यावर चालतात.

"ऑफर संपेल" ही भीती सोडा. जून ते ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांसाठी सवलती असतात, ते संपेतोवर दसरा-दिवाळीचे सेल लागतात.

तपासा: शाखा, कॉलेज आणि राहायची सोय, तिन्ही ठरलं का? एक जरी अधांतरी असेल तर इथेच थांबा.

## २. सॉफ्टवेअरची यादी कागदावर घ्या

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि तीच लोक गाळतात. सिनिअरला "कुठला लॅपटॉप चांगला?" असं विचारू नका. तो स्वतःचाच सांगेल. "तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला काय काय उघडावं लागतं?" असं विचारा. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर अभ्यासक्रमाची पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. सांगलीच्या वालचंदसारखं स्वायत्त कॉलेज असेल तर कॉलेजच्या. त्यात प्रॅक्टिकलच्या यादीत सॉफ्टवेअरची नावं बहुधा लिहिलेली असतात. शेवटच्या वर्षापर्यंतची पानं उलटा, कारण लॅपटॉप चार वर्षं चालवायचाय.

यादी हातात आली की गणित सोपं होतं.

बीए, बीकॉम, लॉ यांना वर्ड, एक्सेल, पीडीएफ, ब्राउझर आणि मराठी टायपिंग पुरतं. ८ जीबी रॅमवर भागतं, फक्त वाढवायला खाच हवी. बीकॉमवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: टॅली प्राइम विंडोजवर चालतं. स्वस्तात मिळालं म्हणून क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, घेतला तर त्यावर टॅली बसत नाही.

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग यांना १६ जीबीच्या खाली जाऊ नये. मोबाईल ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, एकदम चालू केला की ८ जीबीचा लॅपटॉप दम टाकतो. ग्राफिक्स कार्डाची गरज नसते. "मशिन लर्निंगला लागतंय" असं पोरं घरी सांगतात. बहुतेकदा त्यांना गेम खेळायचे असतात. कॉलेजच्या पातळीवरचं ते काम गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्याच मशीनवर, फुकट होतं.

मेकॅनिकल आणि सिव्हिलचं वेगळं. ऑटोकॅडचं साधं टू-डी काम कुठेही होतं, पण सॉलिडवर्क्स, कॅटिया, रेव्हिट, ईटॅब्स ही मंडळी विंडोजच मागतात, आणि ॲन्सिससकट सगळी रॅमही भरपूर खातात. १६ जीबी, चांगला प्रोसेसर, आणि थ्री-डीचं काम जास्त असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड. आर्किटेक्चर आणि इंटिरिअरला ते कार्ड लागतंच, लुमिऑनसारखं रेंडरिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय हलत नाही.

मिरजेला मेडिकल, नर्सिंग, फार्मसीला जाणाऱ्यांनी ताकदीच्या मागे लागू नये. हलका, जास्त वेळ बॅटरी टिकणारा, डोळ्यांना बरा पडदा असलेला घ्यावा. दिवसभर पीडीएफ वाचायच्या असतात.

इशारा: मॅकबुक उत्तम यंत्र आहे, पण सॉलिडवर्क्स, कॅटिया, रेव्हिट, ईटॅब्स त्यावर थेट चालत नाहीत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही असेच. बॅटरी झकास, पण इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर आणि जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर अडतात. यादीतलं एकेक नाव तपासल्याशिवाय या दोन्हींकडे वळू नका.

## ३. लॅपटॉप कुठे राहणार, कसा फिरणार?

इस्लामपूर, पलूस किंवा तासगावहून रोज एसटीने ये-जा करणार असाल तर वजन हा पहिला निकष. दीड किलोचा लॅपटॉप आणि सव्वादोन किलोचा गेमिंग लॅपटॉप यांतला फरक दुकानात जाणवत नाही. गेमिंगवाल्याचा अडॅप्टर विटेएवढा असतो, तोही पाठीवर धरा. सकाळच्या गर्दीत उभ्याने आलात की आठवड्याभरात कळतं, आणि मग तो खोलीवरच राहायला लागतो.

होस्टेलवर राहणार असाल तर वजन दुय्यम, पण विजेकडे बघा. खोलीतल्या प्लगला अर्थिंग आहे का? नसेल तर धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून हात ठेवला की मनगटाला मुंग्या आल्यासारखं होतं. लोक घाबरून माझ्याकडे आणतात, "शॉक मारतोय" म्हणून. लॅपटॉपमध्ये बिघाड नसतो. अडॅप्टरमधून अगदी किरकोळ प्रवाह बॉडीत येतो, त्याला जमिनीत जायला वाट नसते. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या खोल्यांत हे नेहमीचं. उपाय म्हणजे तीन पिनांची वायर आणि नीट अर्थिंग असलेला प्लग. तिसरी पिन कापून टाकणं किंवा टू-पिनचा जोड लावणं हा उपाय नव्हे.

नदीकाठच्या भागात तळमजल्यावर खोली असेल तर आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर चिखल भरलेले लॅपटॉप ओळीने आले होते. फार थोडे वाचले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघायची सवय सांगलीकराला सांगायला नको, पण बाहेरून शिकायला आलेल्या पोरांना ती नसते. पावसाळ्यात लॅपटॉप पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवू नका, माळ्यावर ठेवा.

## ४. पूर्ण खर्चाचा हिशेब

समजा, खिशात ५५ हजार आहेत. लॅपटॉपला ५० धरा. उरलेल्या पाचात पाठीवरची गादीवाली बॅग, माऊस, स्पाइक बस्टर, बॅकअपसाठी बाहेरची डिस्क, आणि वॉरंटी वाढवायची असेल तर ती. एमएस ऑफिस सोबत येतंय का, आणि येत असेल तर कायमचं की वर्षापुरतं, हे आधी विचारा. बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्याला कॉलेजचा ईमेल मिळतो आणि त्यावर ऑफिस ऑनलाइन फुकट वापरता येतं. ऑटोडेस्कही विद्यार्थ्याची खात्री करून ऑटोकॅड, रेव्हिट वर्षभरासाठी मोफत देतं, पुढच्या वर्षी नूतनीकरण करता येतं. मग चोरीचं सॉफ्टवेअर टाकून व्हायरस का ओढवून घ्यायचा?

शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँकेत आधीच विचारा. अभ्यासक्रमाला आवश्यक असलेला कॉम्प्युटर कर्जात धरायची तरतूद असते, पण कोटेशन अर्जाबरोबर लागतं. लॅपटॉप घेऊन मग बिल नेलं तर अडचण होते.

'नो कॉस्ट' हप्त्यांत प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो. हप्ता गुणिले महिने अधिक फी, एवढा गुणाकार मोबाईलवर तिथेच करा. रोखीच्या भावाशी ताडून बघा.

## ५. मॉडेलचं नाव वाचायला शिका

इथे वेळ घालवा. दुकानातला मुलगा "आय फाइव्ह आहे सर, टॉप चालतो," म्हणतो तेव्हा त्याने तुम्हाला फारसं काही सांगितलेलं नसतं.

प्रोसेसर. 'आय ५' हे आडनाव झालं, नाव पुढे असतं. आय ५-१२३५यू यातले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी. शेवटी 'यू' असेल तर वीज कमी खाणारा, 'एच' असेल तर ताकदवान, तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. आय ३-१२१५यू आणि आय ३-एन३०५ दोन्ही 'आय ३' म्हणूनच विकले जातात. पहिल्यात दोन मोठे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात, दुसऱ्यात एकही मोठा नाही, सगळे छोटे. तासगावच्या मुलीचं तेच झालं होतं. नव्या इंटेलमधून 'आय' गेलाय. आता कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं दिसतील, त्याने गोंधळू नका.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या प्रोसेसरांत याहून मोठी मेख आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी शेजारी मांडलेले असतात, किमतीत थोडाच फरक. ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा, आतली रचना किती जुनी ते तो सांगतो. ७५२० मध्ये तो २, म्हणजे चार कोअर आणि २०१९ ची रचना. ७५३० मध्ये ३, म्हणजे सहा कोअर आणि त्यानंतरची रचना. थोडे पैसे वाचवायला माणूस पहिला उचलतो, आणि त्याच्याबरोबर येणारी रॅम डाग दिलेली असते. ती पुढे वाढत नाही.

रॅम. "किती आहे" याच्या आधी "वाढते का" विचारा. खाच किती, त्यातली रिकामी किती, जास्तीत जास्त किती चालते. विंडोज ११ नुसतं चालू केलं की ८ जीबीतली तीन-साडेतीन जीबी तिथेच जाते. उरलेल्यात ब्राउझरची वीस पानं आणि व्हॉट्सॲप. दुकानदार "वाढते की" म्हणाला तर त्यावर भागवू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचं पान उघडा. तिथे 'सोल्डर्ड' किंवा 'ऑनबोर्ड' लिहिलं असेल तर आज जेवढी आहे तेवढीच शेवटपर्यंत. मग १६ जीबीचाच घ्या.

साठवण. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. विंडोजमध्ये ती ४७६ च्या आसपास दिसते. ही फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर किंवा 'ईएमएमसी' (स्वस्त, संथ साठवण) लिहिलेल्यावर विंडोज ११ असलेला लॅपटॉप फुकट मिळाला तरी विचार करा.

पडदा. यावर कुणी बोलत नाही, आणि चार वर्षं बघायचं असतं ते यालाच. १९२० बाय १०८० च्या खाली नको. पडद्याचा प्रकार 'आयपीएस' असेल तर उत्तम. 'टीएन' असेल तर मान जरा खाली-वर केली की रंग उलटेपालटे होतात. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्स खोलीत चालतात, खिडकीशेजारच्या बाकावर फिके पडतात. एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांचा आवाका मोजायची मापं. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर रंग मलूल दिसणार. आर्किटेक्चर किंवा डिझाइनवाल्यांनी १०० टक्के एसआरजीबीचा आग्रह धरावा, इतरांनी नाही धरला तरी चालेल.

बॅटरी. "आठ तास चालते" हे वाक्य सोडून द्या आणि वॅट-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, ते विचारा. वाचन-लेखनाच्या साध्या कामाला लॅपटॉप आठ-दहा वॅट खातो, म्हणजे ४२ वॅट-तासांची बॅटरी चार-पाच तास. ऑटोकॅड चालवलं तर निम्मी. माहितीपत्रकात मिलीअँपिअर-तास दिले असतील तर त्याला व्होल्टेजने गुणा आणि हजाराने भागा. ३६४० गुणिले ११.५५ भागिले १०००, झाले ४२.

तपासा: आता तुमच्याकडे दोन किंवा तीन पूर्ण मॉडेल नंबर हवेत. 'अमुक कंपनीचा आय ५' हा मॉडेल नंबर नाही. त्याच नावाखाली दहा वेगवेगळे लॅपटॉप असतात, शेवटच्या चार अक्षरांत पडदा आणि रॅम बदलते.

## जुना घ्यायचा असेल तर

बजेट तोकडं असेल तर मी स्वतः नव्या स्वस्तापेक्षा कंपन्यांतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप सुचवतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असल्या मालिकांची बांधणी दणकट असते, आणि बऱ्याच मॉडेलांत रॅमची खाच असते. पण अट एक. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचा "एकदम कंडिशन" लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी सोडा.

विकणाऱ्याच्या समोर विंडोज रीसेट करून पहिल्यापासून चालू करायला लावा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचा लोगो येऊन तिथला ईमेल मागितला, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमला, पासवर्ड असेल तर तो काढून द्यायला सांगा. "नंतर काढून देतो" म्हणाला की उठा.

## ६. दुकानात: हात लावल्याशिवाय घेऊ नका

ऑनलाइन घेणार असलात तरी तेच मॉडेल एकदा दुकानात बघून या.

पडदा बंद करा आणि एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडा. पडदा पिळतोय? खालची बॉडी उचलली जातेय? बिजागरीजवळचं प्लॅस्टिक वाकतंय? माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारी दुरुस्ती हीच आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट प्लॅस्टिकमध्ये नुसते दाबून बसवलेले असतात. बिजागरी कडक आणि प्लॅस्टिक पातळ असलं की वर्ष-दीड वर्षात नट उपसून बाहेर येतात. मग पडदा उघडताना खालचं झाकण 'कट' करून फाकतं. वॉरंटीवाला म्हणतो, हे तुमच्या हातून तुटलंय. म्हणून पडदा नेहमी मधोमध धरून उघडायचा.

मग कीबोर्डवर स्वतःचा पत्ता टाइप करून बघा. मध्ये दाबल्यावर कीबोर्ड खड्ड्यासारखा बसतो का? पांढरं पान उघडून पडदा पुढे-मागे कलवा. चार्जिंग टाइप-सीने होतं का ते विचारा. होत असेल तर उद्या अडॅप्टर हरवला तरी हाल होत नाहीत.

शेवटचा प्रश्न सर्व्हिसचा. "सर्व्हिस सेंटर आहे ना?" असं विचारलं तर "आहे की" असंच उत्तर येतं. वॉरंटी घरी येऊन देतात की लॅपटॉप न्यायचा, आणि न्यायचा तर सांगलीत, कोल्हापुरात की पुण्यात? कंपनीच्या संकेतस्थळावर गावाचा पिनकोड टाकून तिथेच उभ्या उभ्या बघा.

## ७. बिल

पक्कं जीएसटी बिल, त्यावर विद्यार्थ्याचं किंवा पालकाचं नाव, पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिलाशिवाय कमी करून देतो" यात वाचतात थोडे आणि वॉरंटीच्या वेळी बोंब होते. किंमत कमी दिसली तर एक शब्द शोधा: 'डॉस'. म्हणजे त्यात विंडोज नाही. मग दुकानदार "टाकून देतो" म्हणतो, ते बहुधा चोरीचं असतं.

इशारा: प्रदर्शनात ठेवलेला नग खोक्यात घालून दिला जात नाहीये ना? सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. ऑनलाइन मागवला असेल तर पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून चालू होईपर्यंत. मध्ये बंद करू नका.

## ८. पहिला तास

शक्यतो हे दुकानातच करा.

खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा आणि बायोसमधला सीरियल नंबर तिन्ही एक हवेत. तोच नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली दिसली तर बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घ्या, होते.

विंडोज 'ॲक्टिव्ह' आहे का ते सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली दिसतं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये रॅम, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि खाचा दिसतात, ते बिलाशी ताडा. सगळ्या कळा एकदा दाबा. कॅमेरा, माइक, स्पीकर, प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह. पडद्यावर एकामागून एक पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं चित्र लावून एखादा ठिपका वेगळा चमकतोय का बघा.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. एक अहवाल तयार होतो, त्याची फाइल कुठे ठेवली ते खालीच लिहून येतं. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. नव्या यंत्रात ते जवळजवळ सारखे हवेत. जुना घेताय आणि दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून मागा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर एसएसडी किती तास चालली ते सांगतं. 'नव्या' लॅपटॉपची डिस्क तीनशे तास चाललेली निघाली तर तो नवा नाही.

## ९. खातं तुमचंच, किल्लीही तुमचीच

हे करायला पाच मिनिटं लागतात आणि ते राहतं, कारण तोवर सगळे घरी जायच्या घाईत असतात.

मिरजेहून एक मुलगा आला होता, शेवटच्या वर्षाचा, प्रोजेक्ट सादर करायला चार दिवस बाकी. रात्री बायोसचं अपडेट आलं, सकाळी निळा पडदा आणि त्यावर ४८ आकडी किल्ली मागणारी चौकट. विंडोज ११ आता नव्या लॅपटॉपची डिस्क पहिल्या दिवशीच आपोआप कुलूपबंद करतं आणि किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवतं. त्याने खातं उघडलं, तर त्यात किल्ली नव्हती. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोराने "मी करून देतो पटकन" म्हणत स्वतःच्याच कुठल्यातरी ईमेलने चालू करून दिला होता, आणि तो पोरगा नोकरी सोडून गेलेला. ते कुलूप मला फोडता येत नाही, कुणालाच येत नाही. डिस्क कोरी केली, यंत्र चालू झालं, प्रोजेक्ट गेला. मित्राच्या पेनड्राइव्हवर अर्धाच मिळाला.

तेव्हा विंडोज पहिल्यांदा चालू होताना कीबोर्ड स्वतःच्या हातात घ्या. खातं स्वतःच्या ईमेलने काढा. मोबाईल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो सिम बदलत नाही. कॉलेजचा ईमेल देऊ नका, पास झाल्यावर तो बंद होतो. मग दुसऱ्या फोनवरून त्याच खात्यात शिरून 'रिकव्हरी की' दिसते का ते बघा.

कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, टेबलावरच वापरणाऱ्यांची बॅटरी त्याने जास्त टिकते. बॅकअपची डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. बॅग एसटीत राहिली तर दोन्ही जातात. ती ४८ आकडी किल्ली मात्र कागदावर छापून घ्या, खाली लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहा, आणि गावाकडच्या घरी सातबारा, रेशनकार्ड ज्या फाइलीत असतं त्या फाइलीत बिलाला टाचून ठेवा.